दुपारच्या रक्तावरून टेस्टोस्टेरॉन ठरत नाही

नाशिकच्या एका मित्राने मागच्या वर्षी रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो पाठवला. वय 46, 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज, आणि त्यात एक आकडा ठळक अक्षरांत: टेस्टोस्टेरॉन 248. खाली प्रश्न, "जिमवाला म्हणतोय इंजेक्शन चालू कर. करू का?" मी उलट विचारलं, "रक्त किती वाजता दिलंस?" उत्तर आलं, दुपारी साडेचारला. हाफ डे टाकून, जेवून गेला होता.

मी बारा वर्षं एका लॅबमध्ये हार्मोनच्या तपासण्यांच्या टेबलावर काम केलं आहे. नळीवर नाव, वय आणि वेळ लिहिलेली असते. नाव आणि वय सगळे बघतात, वेळ फारसं कुणी बघत नाही. टेस्टोस्टेरॉनच्या बाबतीत मात्र ती वेळच अर्धा रिपोर्ट असते. मित्राचा 248 हा आकडा मशीनने चुकीचा दिलेला नव्हता, पण निदानासाठी तो कामाचाही नव्हता. हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. या विषयावर पुरुष बायकोशी बोलत नाही, डॉक्टरांशी बोलायला लाजतो, आणि मग त्याचा सल्लागार होतो तो जिमचा ट्रेनर. म्हणून हे सगळं नीट, सावकाश सांगावंसं वाटलं.

आधी शरीरातली व्यवस्था समजून घेऊ. टेस्टोस्टेरॉन बहुतांश वृषणांत तयार होतं, दिवसाला जेमतेम काही मिलिग्रॅम. पण वृषणं ते आपल्या मर्जीने बनवत नाहीत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तो थोड्या थोड्या वेळाने खालच्या पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो. पिट्युटरी त्यावर दोन हार्मोन रक्तात सोडते, एलएच आणि एफएसएच. एलएच वृषणांना सांगतं, टेस्टोस्टेरॉन बनवा. एफएसएच शुक्राणू बनवायच्या कामावर देखरेख ठेवतं. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की वरचे इशारे आपोआप मंदावतात. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत बॉल कॉक असतो ना, पाणी चढलं की फुगा वर येतो आणि नळ बंद होतो, तसंच. ही टाकी लक्षात ठेवा, पुढे इंजेक्शनाबद्दल बोलताना तिची गरज पडणार आहे.

या टाकीतली पातळी दिवसभर सारखी नसते. पहाटे आणि सकाळी ती सर्वांत वर असते, दुपारनंतर उतरते. तरुण माणसात सकाळ-संध्याकाळचा फरक चांगलाच मोठा असतो, वय वाढेल तसा तो कमी होतो. त्यात जेवणाचा परिणाम वेगळा. साखरेचं पाणी पाजून केलेल्या चाचण्यांत टेस्टोस्टेरॉन सुमारे पाव हिश्शाने खाली आलेलं दिसलं आहे. झोपेचंही तसंच. शिकागो विद्यापीठात 10 निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री फक्त पाच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. आणि ताप, डेंग्यू, ऑपरेशन, हार्ट अटॅक अशा कुठल्याही मोठ्या आजारात शरीर हे उत्पादन स्वतःहून आवरतं घेतं, त्यामुळे आजारपणात ही तपासणी करूच नये.

म्हणून नियम असा आहे: सकाळी, उपाशीपोटी, रात्रभर नीट झोप झालेली असताना, साधारण सात ते दहाच्या दरम्यान रक्त द्यायचं. आकडा कमी आला तर वेगळ्या दिवशी पुन्हा तसंच द्यायचं. दोन्ही वेळा कमी आला, तरच पुढचं बोलणं. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या कधीपासून बंद ठेवायच्या हे लॅबला आधी विचारा. काही मशीनच्या पद्धतीत बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉन आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि खरी कमतरता झाकली जाते.

आता 'कमी' म्हणजे किती? अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही रेघ धरली. त्याच वर्षी तिथल्या एंडोक्राइन सोसायटीने निरोगी, स्थूल नसलेल्या तरुणांवरून काढलेली 264 ही खालची मर्यादा दिली. दोन मोठ्या संस्थांच्या रेघेत एवढं अंतर, यावरूनच कळेल की 299 ला आजारी आणि 301 ला निरोगी असं काही नसतं. एककाचाही घोळ होतो. काही लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये रिपोर्ट देतात, तिथे 300 चा आकडा 3 असा दिसतो. काही ठिकाणी नॅनोमोल प्रति लिटर असतं, तिथे तोच सुमारे 10.4 होतो. 'माझं फक्त चार आहे हो' असं घाबरून सांगणारा फोन मी स्वतः घेतलेला आहे. त्या गृहस्थांचं 400 होतं.

माझ्या मित्राने दोन वेगळ्या सकाळी आठला उपाशी जाऊन रक्त दिलं. आकडे आले 341 आणि 352.

तरी त्याची शंका गेली नाही, आणि ती रास्त होती, कारण हेही आकडे तसे खालच्या बाजूचेच. इथे एक बारीक गोष्ट येते. रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन मोकळं नसतं. मोठा हिस्सा एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटलेला असतो, दुसरा मोठा हिस्सा अल्ब्युमिनला सैलसर धरून असतो, आणि पूर्ण मोकळं फिरतं ते साधारण दोन टक्के. लॅब जो नेहमीचा आकडा देते तो या सगळ्यांची बेरीज असतो. पोट सुटलं, मधुमेह झाला, थायरॉइड मंदावलं की एसएचबीजी घटतं. मग बेरीज कमी दिसते, पण मोकळा हिस्सा ठीक असू शकतो. उलट उतारवयात किंवा लिव्हरच्या आजारात एसएचबीजी वाढतं, बेरीज झकास दिसते आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन मात्र अपुरं असतं. म्हणून आकडा काठावर असेल तर एसएचबीजी आणि अल्ब्युमिन मोजून मोकळं टेस्टोस्टेरॉन गणिताने काढतात. 'फ्री टेस्टोस्टेरॉन' नावाची थेट मशीनवरची स्वस्त तपासणी बऱ्याच ठिकाणी होते, तिच्यावर माझा भरवसा नाही, आणि मार्गदर्शक तत्त्वांतही ती टाळायलाच सांगितलं आहे. मित्राचं एसएचबीजी 16, म्हणजे बरंच कमी. हिशोब केला तर मोकळं टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित निघालं.

मग त्याला थकवा कशाचा होता? कंबर 104 सेंटिमीटर. भारतीय पुरुषांसाठी 90 च्या वर गेलं की धोका धरतात. शिवाय रात्री असा घोरायचा की बायको दुसऱ्या खोलीत झोपायला लागली होती. झोपेची तपासणी झाली, त्यात स्लीप ॲप्निया निघाला, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकणं. चरबीच्या पेशी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात, सुटलेलं पोट वरचे इशारेही मंद करतं, आणि तुटक झोप त्यात भर घालते. यावर पहिला उपाय वजन आणि झोप हाच आहे. वजन खरोखर उतरलं की टेस्टोस्टेरॉन वर येतं, वजन उतरवायच्या बेरिॲट्रिक ऑपरेशननंतर तर ठळकपणे येतं.

लक्षणांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण जाहिराती नेमक्या इथेच फसवतात. थकवा, चिडचिड, उत्साह नाही, लक्ष लागत नाही: ही यादी वाचून चाळिशीतला कुठला पुरुष म्हणेल की हे माझं नाही? हीच लक्षणं रक्त कमी असल्यावर, बी-12 कमी असल्यावर, थायरॉइड बिघडल्यावर, साखर वाढल्यावर, नैराश्यात आणि दोन-दोन तास लोकलमध्ये उभं राहून प्रवास केल्यावरही असतात. युरोपात 40 ते 79 वयाच्या 3,369 पुरुषांचा मोठा अभ्यास झाला, 2010 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यात टेस्टोस्टेरॉनशी खरा सांधा जुळला तो तीन लक्षणांचा: सकाळी उठताना लिंगाला येणारी ताठरता कमी होणं, कामेच्छा कमी होणं आणि संबंधाच्या वेळी ताठरता न टिकणं. ही तिन्ही लक्षणं आणि रक्तातही कमतरता, असे पुरुष किती निघाले? 2.1 टक्के. उतारवयातली खरी कमतरता एवढी विरळ आहे.

त्यातही नुसती ताठरतेची तक्रार असेल, इच्छा शाबूत असेल, तर बहुतेकदा दोष हार्मोनचा नसून रक्तवाहिन्यांचा असतो. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे त्या आधी तुंबतात. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, बीडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा मधुमेही माणसाला अशी तक्रार सुरू झाली तर ती हृदयाची आगाऊ सूचना असू शकते. तेव्हा लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना हे सांगाच. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घेण्याची ती वेळ असते.

समजा दोन्ही सकाळी आकडा खरंच कमी आला आणि लक्षणंही जुळली. तरी थेट इंजेक्शन नाही. आधी विचारायचं: का कमी आहे? यासाठी एलएच आणि एफएसएच तपासतात. टाकी रिकामी आहे आणि वरून जोरात इशारे येताहेत, म्हणजे एलएच वाढलेलं आहे, तर दोष वृषणांत. जन्मतः एक एक्स गुणसूत्र जास्त असणं, ज्याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात, हे त्याचं नेहमी निसटणारं कारण. साधारण सहाशे-सातशे पुरुषांत एकाला ते असतं आणि कित्येकांना आयुष्यभर कळत नाही. वृषणं लहान, उंची जरा जास्त, मूल होत नाही म्हणून तपासणी केली की ते उघड होतं. किमोथेरपी, रेडिएशन, वृषणाला पडलेला पीळ, लहानपणी खाली न उतरलेली वृषणं हीही कारणं. आणि गालगुंड. वयात आल्यानंतर गालगुंड झालं तर वृषणांना सूज येऊन ती कायमची कमजोर होऊ शकतात. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही. ती खाजगीत एमएमआर म्हणून घ्यावी लागते. मुलग्यांच्या आईवडिलांनी हे माहीत करून घ्यावं असं मला फार वाटतं.

टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएचही कमी किंवा 'नॉर्मल', तर दोष वर, मेंदूच्या बाजूला. तिथे प्रोलॅक्टिन, म्हणजे एरवी बायकांत दूध आणणारं पिट्युटरीचं हार्मोन, तपासायलाच हवं. पिट्युटरीवरची प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ बऱ्याचदा नुसत्या गोळ्यांनी आटोक्यात येते. डोकं दुखतं, दोन्ही बाजूंचं दिसणं कमी झालंय, असं असेल तर एमआरआय लांबवू नये. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, डोक्याला मार आणि मधुमेह हीही इथली कारणं. अमेरिकेत बफेलो इथे परेश दंडोना यांच्या गटाने 2004 मध्ये टाइप-2 मधुमेहाच्या 103 पुरुषांत तपासलं, तर तिघांपैकी एकात अशी वरून आलेली कमतरता सापडली. आणि एक कारण अगदी आपल्या मातीतलं, त्याच्याकडे शेवटी येते.

आता औषध. कमतरता पक्की, कारण समजलेलं, मग टेस्टोस्टेरॉन देतात ते मुख्यतः इंजेक्शन किंवा जेलमधून. दोन-तीन आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनं स्वस्त, पण पहिल्या दिवसांत पातळी उसळते आणि शेवटी कोसळते. माणसाचा मूडही तसाच वरखाली होतो. टेस्टोस्टेरॉनच्याच अनडेकॅनोएट नावाच्या प्रकाराचं 1000 मिलिग्रॅमचं इंजेक्शन कमरेत सावकाश देतात, दुसरं सहा आठवड्यांनी आणि मग दर 10 ते 14 आठवड्यांनी. त्यात पातळी बरीच स्थिर राहते. जेल रोज सकाळी खांद्याला किंवा दंडाला लावायचं. पण लहान घर, एकाच गादीवर मुलं, तर जेल लावलेली त्वचा झाकणं आणि हात साबणाने धुणं काटेकोर पाळावं लागतं. बापाच्या अंगावरचं जेल लागून लहान मुलांत अकाली वयात येण्याची लक्षणं दिसल्याच्या नोंदी आहेत.

फायदा किती होतो? 65 च्या पुढच्या 790 पुरुषांवर अमेरिकेत झालेल्या चाचण्यांत कामेच्छा आणि लैंगिक जीवन मध्यम प्रमाणात सुधारलं, मूड किंचित सुधारला, थकव्यात मात्र म्हणावा असा फरक पडला नाही. थकवा जाईल या एका आशेवर सुई टोचून घेणाऱ्याने हे आधी ऐकायला हवं. हृदयाची भीती बरीच वर्षं होती. 2023 मध्ये ट्रॅव्हर्स नावाच्या चाचणीने त्यातली काही कमी केली: पाच हजारांहून अधिक, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले पुरुष, सगळ्यांचं टेस्टोस्टेरॉन 300 च्या खाली. जेल लावणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू 7 टक्के, खोटं जेल लावणाऱ्यांत 7.3. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुफ्फुसात रक्ताची गुठळी जाणं आणि किडनीला अचानक इजा हे प्रकार खऱ्या जेलवाल्यांत जास्त दिसले. हाडं मोडण्याचं प्रमाणही घटलं नाही, थोडं वाढलंच.

प्रोस्टेटची भीती जुनी आहे. चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं की पुरुषी हार्मोन काढून घेतलं तर पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सर मागे हटतो. त्यासाठी त्यांना 1966 चं नोबेलही मिळालं. टेस्टोस्टेरॉन दिल्याने नवा कॅन्सर होतो असं ट्रॅव्हर्समध्ये दिसलं नाही. पण मुळात कॅन्सर असेल, पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा 4 च्या वर असेल, तर सुरू करू नये. गेल्या सहा महिन्यांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेल्यांना, उपचार न केलेला तीव्र स्लीप ॲप्निया असणाऱ्यांनाही नाही. आणि सुरू केल्यावर रक्त घट्ट होतं का ते बघत राहायचं. सीबीसीच्या रिपोर्टमध्ये पीसीव्ही नावाची ओळ असते, रक्तात लाल पेशींचा हिस्सा किती टक्के ते सांगणारी. ती सुरुवातीला 48 च्या वर असेल तर थांबा, उपचारात 54 ओलांडली तर औषध बंद. तीन ते सहा महिन्यांनी पहिली फेरतपासणी, मग वर्षाने, मग दरवर्षी. वर्षभरात लैंगिक तक्रारीत काहीच फरक नसेल तर औषध चालू ठेवण्यात अर्थ नाही.

आता ती टाकी. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त कळकळ या मुद्द्याची आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेणं म्हणजे गच्चीवरच्या टाकीत टँकर रिकामा करणं. टाकी भरते, फुगा वर येतो, इशारे थांबतात. एलएच आणि एफएसएच जवळजवळ शून्यावर. वृषणांच्या आतलं टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असावं लागतं, तरच शुक्राणू तयार होतात. टँकरचं पाणी तिथपर्यंत तेवढ्या जोराने पोहोचत नाही. शरीराची स्वतःची विहीर आटते. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याच्या टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनाची पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली होती, 1990 मध्ये निकाल आले, आणि बहुतेकांच्या वीर्यातले शुक्राणू सहा महिन्यांत पूर्ण नाहीसे झाले होते. आणि आपल्याकडे? लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन थोडं कमी, 'ताकद यावी' म्हणून इंजेक्शनं. सहा महिन्यांनी वीर्यतपासणीचा नमुना आमच्या टेबलावर यायचा आणि मायक्रोस्कोपखाली एकही शुक्राणू नसायचा. बाहेर बाकावर नवरा-बायको बसलेले. त्या रिपोर्टवर सही होताना दरवेळी जीव तुटायचा.

मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉन घेऊ नये, इतकं हे सरळ आहे. दोष वरच्या इशाऱ्यांत असेल तर एलएचसारखंच काम करणाऱ्या एचसीजीची इंजेक्शनं, गरज पडल्यास जोडीला एफएसएच, किंवा काहींना वरचे इशारे वाढवणारी क्लोमिफीनची गोळी देऊन शरीराचंच उत्पादन वाढवता येतं आणि शुक्राणूही तयार होतात. ज्यांनी आधीच जिममध्ये इंजेक्शनं घेतली आहेत त्यांनी हताश होऊ नये. बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण सहा महिने ते दोन वर्षं लागू शकतात. बॉडीबिल्डिंगसाठी मोठे डोस वर्षानुवर्षं घेतले असतील तर वाट अधिक लांब असते. डॉक्टरांना खरं सांगा. कोणतं इंजेक्शन, किती, कधीपर्यंत. ते न सांगितल्याने निदानच चुकतं.

रेल्वेच्या भिंतींवर आणि आता मोबाइलवर 'मर्दानी ताकद'च्या जाहिराती असतात. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात आपल्या देशात 1954 च्या कायद्यानेच निषिद्ध आहे. अशा काही पुड्यांत छापील माहितीत नसलेलं सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं सापडलं आहे. हृदयासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या माणसाने ती पुडी घेतली तर बीपी एकदम कोसळून जीवावर बेतू शकतं.

आणि ते आपल्या मातीतलं कारण. घोणस. या सापाच्या विषाने पिट्युटरीचा रक्तपुरवठा तुटून ती निकामी होऊ शकते. भारत, श्रीलंका, म्यानमार इथे याची नोंद झालेली आहे, आणि कधी कधी ते चावल्यानंतर महिन्यांनी, वर्षांनी लक्षात येतं. आमच्या लॅबमध्ये एक शेतकरी आले होते, वय 39. तीन वर्षांपूर्वी सोयाबीन काढताना घोणस चावली, किडन्या बंद पडल्या, डायलिसिस झालं, त्यातून ते वाचले. त्यानंतर मात्र अंगात बळच राहिलं नाही. दाढी पंधरा दिवसांनी केली तरी चालायची. गावात सगळे म्हणायचे, मनावर घेतलंय. सकाळी आठचं टेस्टोस्टेरॉन 38. एलएच जवळजवळ नाही. कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराला ताण झेलायला लागणारं हार्मोन, आणि थायरॉइडही तळाला. त्यांना आधी कॉर्टिसॉलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन दिलं, मग थायरॉइडची गोळी, कारण हा क्रम उलटला तर जिवाला धोका असतो, आणि सगळ्यात शेवटी टेस्टोस्टेरॉन. दोन मुलं आधीच होती, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. वर्षभराने पीसीव्ही तपासायला आले तेव्हा गाल तुळतुळीत होते, म्हणाले, आता एक दिवसाआड वस्तरा लागतो. पुढच्या इंजेक्शनाची तारीख बायकोने कालनिर्णयवर लिहून ठेवली होती, दुधाच्या हिशोबाशेजारी.